बाईंचं ‘बघते’

आमच्या प्रोजेक्टमध्ये ‘बघू’ म्हणायची सोय नव्हती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण बाईंसमोर तो शब्द तोंडातून निघाला की आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मराठी माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळणाऱ्या टाकीबद्दल सेक्रेटरी म्हणतो ते ‘बघू’. आपण सगळे बघू, म्हणजे कोणीही बघणार नाही. बाई म्हणायच्या ‘बघते’. आणि मग खरंच बघायच्या, दोन दिवसांत.

ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरचं आणि कॉम्प्युटरवरचं मराठी वाचून दाखवणारं एक अ‍ॅप आम्ही बनवत होतो. फुकट, कोड सगळ्यांना खुला, आणि काम करणारे आम्ही सात-आठ रिकामटेकडे. नोकऱ्या सांभाळून रिकामटेकडे, असं माझी बायको म्हणायची. मी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत. बाई पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं सांभाळायच्या. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी बेलापूरच्या एका हॉटेलात भेटायचो, बाकी सगळं ऑनलाइन. अ‍ॅप वापरणारा कोणीही आमच्या पानावर तक्रार लिहायचा. आमच्यापैकी ज्याने तिच्याखाली ‘बघतो’ लिहिलं त्याची ती झाली. मग दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही, एवढी एक रीत होती. ती बाईंपासूनच पडली होती.

माझी आणि त्यांची सुरुवात भांडणाने झाली. म्हणजे भांडलो मीच. मला मोठमोठं लिहायची खोड. आल्या आल्या मी एक लांबलचक मेसेज टाकला की अ‍ॅप कसं वापरायचं याची माहिती कुठेच नाही, आपण सगळ्यांनी मिळून ती लिहायला हवी, याचं नियोजन व्हायला हवं, जबाबदाऱ्या वाटायला हव्यात. संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं. ‘सुरुवातीची पानं लिहिलीत. चुका काढा.’ बस्स. मला असा राग आला! म्हटलं, ही बाई मला समजते काय? तिच्या चुका काढायच्याच म्हणून बसलो. दहा-बारा सापडल्या, आणि त्या नीट करता करता पुढचं पान मीच लिहून टाकलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की आपल्याला कोणी काही न सांगता कामाला लावलंय. सॉलिड चिडलो, पण पान पाठवून दिलं.

आवाजाचंही तसंच झालं. इंग्रजी-हिंदीसाठी तयार आवाज मिळत होते, मराठीला जो होता तो दळण दळल्यासारखा बोलायचा. चांगला आवाज बनवायचा तर कोणीतरी बसून ढीगभर वाक्यं एका सुरात वाचायला हवी होती. मग कॉम्प्युटर त्यांचे तुकडे करतो, आणि हवं ते जोडून बोलतो. रविवारी चहावर विषय निघाला. एकाचा घसा बसलेला, एकाच्या घरी बाळ रडतं, माझ्या बिल्डिंगशेजारी खोदकाम. सगळ्यांचं एकसुरात ‘बघू’. पुढच्या भेटीत बाईंनी रेकॉर्डिंग ऐकवलं. मे महिना, नवी मुंबईतला तो चिकचिकाट, आणि या बाईने खिडक्या लावून, पंखा बंद करून, दाराला गोधडी टांगून वाक्यं वाचायला घेतली होती. पंख्याचा आवाज येतो म्हणून! त्यानंतर आम्ही आळीपाळीने त्यांच्याकडे जायला लागलो. कोणी वाक्यं तपासायचा, कोणी नुसता ताक करून द्यायचा. पंख्याविना घामाघूम होऊन बसायचो आणि कोणाची तक्रार म्हणून नव्हती.

त्यांचा आवाज काही गोड नव्हता. मास्तरणीसारखा, थोडा कोरडा. ‘आणि’ म्हणायच्या आधी त्या किंचित श्वास घ्यायच्या, तो श्वासही तसाच आत राहून गेला. हळूहळू तो आवाज, बाईंच्या नावासकट, लोकांच्या फोनमध्ये गेला. लोकांनी लिहून कळवलं की बाई छान वाचतात, घरातल्या कोणीतरी वाचून दाखवल्यासारखं वाटतं. बाईंनी प्रत्येकाला उत्तर दिलं. स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

आणि म्हणूनच त्या आजारी आहेत हे आम्हाला कळलं नाही. पोटाचं काहीतरी होतं, बरेच महिने चाललेलं. शेवटचे दिवस त्या हॉस्पिटलमधून उत्तरं देत होत्या. ‘बघते’, ‘बघते’, ‘पाठवलंय, तपासा.’ रविवारी येईनाशा झाल्या तेव्हा म्हणाल्या कारखान्यात काम वाढलंय. आम्ही मानलं. एका दुपारी त्यांच्या भावाचा फोन आला, बाई सकाळी गेल्या म्हणून. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट हातात धरून उभा होतो. पहिल्यांदा मनात आलं ते हे की काल तर त्यांनी एका तक्रारीवर ‘बघते’ लिहिलंय. इतका मूर्ख विचार, पण तोच आला.

त्यानंतरचं सांगायचं तर मला अजून नीट सांगता येत नाही. माणूस गेलं की आवाज जातो, इथे आवाज राहिला होता. ऐरोली स्टेशनबाहेर काळा चष्मा लावलेले एक काका बाकावर बसले होते, त्यांच्या खिशातून बाई म्हणाल्या, ‘बॅटरी कमी आहे. चार्जर लावा.’ मी थांबलो, काका उठून गेले तरी थांबलो. लिफ्टमध्ये, बँकेत, कुठेही तो श्वास ऐकू येईल असं वाटायचं, आणि कधीकधी खरंच यायचा. माझ्या फोनमध्ये मी तो आवाज ठेवला होता तपासणीसाठी. एकदा चुकून चालू झाला आणि बाईंनी माझ्या बायकोचा मेसेज वाचून दाखवला. ‘येताना कोथिंबीर आणि’, मग श्वास, मग ‘लिंबं आण.’ मी रस्त्यात उभा राहून रडलो. लाज कसली, रडलोच.

काम माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, पण येत गेलं. मीही ‘बघतो’ लिहायला लागलो. रक्त तपासायला रांगेत बसून ‘बघतो’, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘बघतो’. डॉक्टरने बीपीची गोळी सुरू केली, तरी ‘बघतो’. बाईंनी असंच केलं असतं हे एकच डोक्यात. एके दिवशी बायको भाजी चिरता चिरता थांबून म्हणाली, ‘तू ना, तिरडीवरून पण बघतो लिहिशील.’ मी म्हटलं, काय बोलतेस अभद्र. ती म्हणाली, ‘मी बोलत नाहीये, मी बघतेय.’ तेवढ्यात फोन वाजला आणि मी ‘बघतो’ लिहायला घेतलं.

बाईंनी ‘बघते’ लिहिलेल्या काही तक्रारी उरल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नाही. एकाने सुचवलं की त्या वाटून घेऊ, तर दुसरा म्हणाला राहू दे ना रे थोडे दिवस. मलाही तेच वाटलं. दारातल्या चपला लगेच कोणी उचलत नाही, तसंच. थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा संपला, दिवाळी झाली.

मग त्यातल्या एका तक्रारीखाली नवीन ओळ आली. मूळ तक्रार बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक असलेल्या मुलीची होती. तिला जन्मापासून दिसत नाही. अ‍ॅप मधले मधले शब्द गाळतं, अशी तिची तक्रार. खाली बाईंचं ‘बघते’, बाई गेल्या त्याच्या आदल्या दिवसाचं. त्याखाली तिनेच महिन्याभराने लिहिलेलं, ‘वाट बघते.’ आणि आता, ‘मॅडम, विभागीय परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. माझी ही शेवटची संधी आहे, नाही झाले तर नोकरी राहणार नाही. तुम्ही कामात असाल, त्रास देत नाही. फक्त आठवण केली.’

मी ते तीनदा वाचलं. बाईंचं ‘बघते’, तिचं ‘वाट बघते’, एकाखाली एक. ही मुलगी एका गेलेल्या बाईची वाट बघत होती, आणि आम्ही सगळे शहाणे आदर म्हणून हाताची घडी घालून बसलो होतो. असा संताप आला, सगळ्यांचा आणि स्वतःचा. म्हटलं लिहावं लगेच, की बाई नाहीत, मी करतो. लिहिलंही. ‘कळवायला वाईट वाटतं, की बाईंचं निधन झालं.’ पाठवायच्या बटणावर बोट गेलं आणि डोक्यात वीज चमकली. हे तिला कोण वाचून दाखवणार? बाईच वाचणार. त्या कोरड्या आवाजात, मध्ये श्वास घेऊन, स्वतःच्या मरणाची बातमी. च्यायला! मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, जसं काही तो माझ्याकडे बघत होता. मग ते सगळं पुसलं आणि एवढंच लिहिलं की मी त्यांचा सहकारी, एकदा येऊन बघून जातो.

माझ्या कॉम्प्युटरवर शब्द गळतच नव्हते, त्यामुळे जाणं भागच होतं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या कार्यालयाच्या कँटीनमध्ये भेटलो. तिशीच्या आतली, बोलायला फटकळ, साताऱ्याकडची. ‘बसा की सर,’ म्हणाली, ‘चहा सांगितलाय. मॅडम नाही आल्या?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्या नाही येऊ शकल्या.’

‘असू दे, त्यांना काय कमी कामं असतील? रोज बोलतात माझ्याशी, तेवढं बास. बघते म्हणाल्या ना, तेव्हाच मला धीर आला. त्यांच्याच आवाजात ऐकलं मी ते.’

मी चहाचा घोट घेतला, गरम होता, जीभ भाजली.

तिने एक परिपत्रक लावून दिलं. बाई वाचायला लागल्या. ‘सर्व’, मग काहीच नाही, मग ‘आणि’, पुन्हा काहीच नाही, मग ‘उपस्थित राहावे.’ ती हसली. म्हणाली, ‘आमच्यातले सगळे चिडवतात, तुझ्या फोनला साहेबांचं नावसुद्धा नको असतं. पण सर, पेपरात असं झालं तर मी काय करू? नियमाच्या कुठल्या पोटकलमात विचारलंय तेच ऐकू येत नाही. दुसरं का तिसरं, ते मी काय कपाळावरून ओळखू?’

गळणारे शब्द होते ‘अधिकाऱ्यांनी’, ‘कर्मचाऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो य-ला खेटून बसणारा आडवा अर्धा र. आपण मराठी माणसंच तो वापरतो, त्याच्यावाचून आचाऱ्यांचे आचार्य होतात. टाइप करताना तो दोन तऱ्हांनी काढता येतो. एका तऱ्हेत त्याचं सरळ अक्षर आहे. दुसऱ्या, जुन्या तऱ्हेत र-चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं अक्षर घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डोळसांना कधी कळतही नाही. मी आणि माझ्यासारखे सगळे पहिल्या तऱ्हेने लिहायचे, म्हणून आमच्याकडे सगळं ठीक. सरकारी कागद मात्र जुन्या तऱ्हेचे, आणि ते न दिसणारं अक्षर आलं की आमचं अ‍ॅप गोंधळून अख्खा शब्द गिळायचं. दोन्हींना एकच समजायला सांगितलं की झालं, बाईंचा आवाज तर होताच. काम छोटं होतं हो. इतकं छोटं, आणि आम्ही ते दिवाळी होऊन गेली तरी पडू दिलं होतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. विचारलं, बाईंचं तिला सांगू ना? ती म्हणाली, ‘परीक्षेच्या आधी सांगितलंस तर तंगडं मोडेन तुझं. ती पोरगी तीन तास तोच आवाज कानात घेऊन बसणार आहे. पेपर सोडवेल का भुताला घाबरेल?’

‘भूत काय म्हणतेस.’

‘मग काय म्हणू? तूच सांग.’

जेवणं व्हायच्या आत मी काम संपवलं आणि नवीन अ‍ॅप तिला पाठवलं. तिने परिपत्रक ऐकून लगेच कळवलं. ‘सगळे साहेब आले! मॅडमना सांगा.’ मी ‘हो’ लिहिलं. त्या एका ‘हो’ने पुढचे सगळे दिवस माझं खाणं गोड लागू दिलं नाही. परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसात बसून सारखा घड्याळ बघत होतो. आत्ता बाई तिला पहिला प्रश्न वाचून दाखवत असतील, आत्ता पाचवा. गेलेलं माणूस सरकारी नियमांची पोटकलमं वाचतंय, कोणाच्या तरी पोटापाण्यासाठी, आणि आम्ही त्याला अजून कामावरून सोडलेलं नाही. हे मला तेव्हा इतकं लागलं की मीटिंगमधून उठून बाहेर आलो.

ती पास झाली. फोन केला तिने, आवाज नुसता उड्या मारत होता. ‘सर, झाले मी! कायम झाले! आता ऐका, मला मॅडमना भेटायचंय. पेढे घेतलेत. तुम्ही नुसता पत्ता द्या, मी जाते मेट्रोने.’

मी म्हटलं, मीच येतो तुमच्याकडे.

पुन्हा तेच कँटीन. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स, वर रबर लावलेलं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरलो. सरळ म्हटलं, ‘बाई आजारी होत्या, गेल्या. तुमच्या तक्रारीवर त्यांनी बघते लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी.’

तिचा हात बॉक्सवर होता, तो तिथेच राहिला. शेजारच्या टेबलावरची माणसं क्रिकेटवरून जोरजोरात वाद घालत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे पेपरात...’

‘हो.’

‘आणि रोज सकाळी बातम्या वाचून दाखवायच्या. रात्री आईचे मेसेज. लग्नाचं स्थळ आलं होतं, त्याची माहितीसुद्धा त्यांनीच वाचली.’ तिचा आवाज चढायला लागला. ‘सर, तुम्हाला काही वाटतं का? आजारी होत्या तेव्हा राबवलंत, मेल्यावर पण राबवताय? किती राबवाल एका बाईला?’

मी म्हटलं, ‘खूप लोकांना त्यांचाच आवाज लागतो. सगळ्यांना विचारल्याशिवाय काढता नाही येणार.’

‘बाकीच्यांचं तुम्ही बघा. माझ्या फोनमधून काढा. आत्ता.’

‘मग तो जुना राहील, दळण दळल्यासारखा.’

‘दळू दे.’

मी तिला कुठे जायचं ते सांगत गेलो, फोन तिच्याच हातात होता. जिथे जिथे बोट टेकेल ते ते बाई वाचत होत्या, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडत होतं. ‘सेटिंग.’ ‘आवाज.’ ‘काढून टाका.’ शेवटी पडद्यावर तो प्रश्न आला, जो मीच कधीतरी लिहिला होता आणि आजवर कोणी तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. बाईंनी तो कोरड्या सुरात विचारला. ‘हा आवाज कायमचा काढायचा का? खात्री आहे?’ मला रडू आवरेना. मी तोंड फिरवलं, मग लक्षात आलं की ते फिरवायची काही गरज नाही.

तिने फोन दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ आणला, आणि पाहुणीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवावं तशी म्हणाली, ‘खूप केलंत. बसा आता तुम्ही.’

मग बटण शोधायला तिने पडद्यावर बोट फिरवलं. ‘नाही,’ बाई म्हणाल्या. बोट थोडं पुढे सरकलं.

‘होय,’ बाई म्हणाल्या.

तिने दोनदा टिचकी मारली.